प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटरने कोनाची दोन मिनिटं कुठून आणली? कोणी सांगेल का

सड्यावरचा
१० मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण दोन दिवस डोकं फिरलंय आणि घरात हे कोणाला सांगून कळणारं नाही.

मी देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात खाजगी मोजणीची कामं करतो. बागांच्या वाटण्या, घराची आखणी, गडगा (दगडी कुंपण) घालायच्या आधी हद्द बघून देणं, अशी. बारा वर्षं माझ्याकडे एक जुना प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर होता, त्यात ट्रॅव्हर्सचा (कोपऱ्या-कोपऱ्याने कोन आणि अंतरं घेऊन जमीन मोजायचा) प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला, एकेक ओळ पाठ. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच्या पडद्यात पाणी गेलं आणि आकडेच दिसेनात, मग गेल्या वर्षी मार्चमध्ये नवा घेतला, दुसऱ्या कंपनीचा, बऱ्यापैकी महाग. कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार वेगळा चाललाय.

तर या नव्याने पहिल्या दिवसापासून वैताग दिलाय. शून्याची की कधी लागते कधी लागत नाही, १०५.४० टाकावं तर १५.४० पडतं, आणि सड्यावर उन्हात पडदा नीट दिसत नाही त्यामुळे ते पडलेलं कळतही नाही. सेल बदलताना दोन्ही एकदम काढले तर सगळा प्रोग्राम साफ. १८० ओळी मी आतापर्यंत तीन वेळा परत हाताने भरल्यात, कारण कॉम्प्युटरला जोडायची सोयच ठेवलेली नाही. हे सगळं मी सहन केलं. म्हटलं यंत्र आहे, सांभाळून घेऊ.

पण परवाचं सहन होत नाही. दोघा भावांच्या कलमांच्या बागेची वाटणी आहे, सात कोपऱ्यांची जमीन, एका बाजूला गडगा पडलेला, आणि आगोट (पावसाळ्याची सुरुवात) तोंडावर आलीय म्हणून दोघांनाही घाई. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, २० सेकंदांपर्यंत वाचणारी, लावून पहाटे साडेसहाला सुरू केलं, कारण दहानंतर कातळावर हवा नाचायला लागते आणि बावटा स्थिर दिसत नाही. सात आतले कोन घेतले. सात बाजूंच्या आकृतीत आतल्या कोनांची बेरीज ९०० अंश यायला हवी. प्रोग्रामने दाखवली ९०० अंश २ मिनिटं ० सेकंद.

मला चालणारा फरक म्हणजे २० सेकंद गुणिले सातचं वर्गमूळ, साधारण ५३ सेकंद. दोन मिनिटं म्हणजे कोन कुठेतरी चुकलाय. मग दुसऱ्या दिवशी परत सगळं. दोन गडी, त्यांची मजुरी, जेवण, आणि भावाभावांत कुजबुज की याला मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी आली ९०० अंश ० मिनिटं ४० सेकंद. चालणाऱ्या फरकात बसतं, सातही कोनांत थोडं थोडं वाटून टाकता येतं. पण माझं मन मानत नाही, कारण दोन्ही दिवस मी तेवढीच काळजी घेतली होती.

पहिल्या दिवशीचे कोन देतो, कोणाला काही दिसलं तर बघा:
७२°३०′००″, ११८°२०′००″, २१०°१०′००″, ४५°१५′००″, १४१°१८′४०″, १६५°५२′२०″, १४६°३४′००″

मालवणचो झील
१० मे, रात्री १०:१५

दादा, माझ्याकडे पण असलोच एक आसा, की दाबलेली लागणा नाय. माका वाटलां माझ्याच बोटांचो दोष. वाचतंय, कायतरी उत्तर गावला तर बरां.

सोल्डरिंग
१० मे, रात्री १०:४०

चिपळूणला दुरुस्तीचं दुकान आहे, कॅल्क्युलेटर, रिमोट, वजनकाटे असलं बरंच येतं. शून्याच्या कीचं सांगतो. आत रबराची चटई असते आणि प्रत्येक बटणाखाली कार्बनची गोळी, ती खालच्या बोर्डावर टेकली की की लागते. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या बोर्डावर पातळ थर बसतो, कधी हिरवट दिसतो कधी दिसतही नाही. सगळ्यात जास्त वापराची की आधी जाते, म्हणजे शून्य आणि टिंब. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापूस नको, चष्म्याचं फडकं घ्या. घासू नका, कार्बन निघाला तर बोर्डच जातो. सेलच्या स्प्रिंगाही बघा. आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवा, नुसत्या बॅगेत नको.

पण तुमची दोन मिनिटं कीमुळे गेली असं मला वाटत नाही. शून्य न लागल्याने आलेली चूक अशी गोल आकड्यात येणार नाही.

निवृत्त आखणीवाला
११ मे, सकाळी ६:०५

सड्यावरचा, तुमचे कोन मी आत्ता कागदावर हाताने मांडले. अंशांची बेरीज ८९७. मिनिटांची १७९. सेकंदांची ६०. साठ सेकंदांचं एक मिनिट, म्हणजे १८० मिनिटं, म्हणजे तीन अंश. एकूण ९०० अंश ० मिनिटं ० सेकंद. नेमकी. दोनदा केली, खालून वर पण केली.

तुमचे कोन बरोबर आहेत हो. बेरीज चुकली ती यंत्राची.

तुम्ही वहीत बेरीज मारली नव्हती का? रागावून विचारत नाही. आमच्या काळी सात आकडी लॉगची जाड पुस्तकं घेऊन हिंडायचो आणि फील्डबुकाच्या पानाखाली बेरीज मारल्याशिवाय दुर्बीण उचलायची नाही असा साहेबांचा दंडक होता.

सड्यावरचा
११ मे, सकाळी ७:३०

काका, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरले. खरंच ९०० येतात. मी पण आत्ता मारली. वहीत बेरीज मारायची सवय गेली हो, प्रोग्रामच शेवटी बेरीज दाखवतो म्हणून, आणि जुन्यावर बारा वर्षांत एकदाही दगा झाला नाही.

म्हणजे पहिल्या दिवशीच काम झालं होतं. दुसरा दिवस, ती मजुरी, त्या भावांचं बोलणं, सगळं फुकट.

पण तोच प्रोग्राम आहे! जुन्या वहीतून ओळ न ओळ उतरवलाय, तपासलाय. जुन्यावर बरोबर आणि यावर चूक, हे कसं होईल?

डिप्लोमा तिसरं वर्ष
११ मे, दुपारी १:१०

सर, मोड चुकला नसेल ना? आमच्याकडे प्रॅक्टिकलला बसायच्या आधी साइन ३० दाबून ०.५ आलं का बघायला लावतात. ग्रॅडवर (काटकोनाचे शंभर भाग धरणारं माप) असेल तर ०.४५ च्या आसपास येतं आणि रेडियनवर असेल तर उणे ०.९८८.

आणि माझ्या साध्या सायंटिफिकचं एक विचारायचं होतं. रेडियन मोडमध्ये ३.१४१५९२६५४ चा साइन काढला की शून्य न येता उणे ४.१ गुणिले दहाचा उणे दहावा घात असं काहीतरी येतं. ती पण अशीच चूक आहे का?

अष्टागर
११ मे, रात्री ९:२०

मी अलिबागकडची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मोजणीतलं मला फार कळत नाही पण हे कोडं सकाळपासून डोक्यात आहे.

आधी डिप्लोमाच्या भावाला उत्तर. ती चूक नाही, उलट तुझं यंत्र प्रामाणिक आहे. पाय म्हणजे ३.१४१५९२६५३५८९... आणि तू दाबलास ३.१४१५९२६५४, म्हणजे खऱ्यापेक्षा ४.१ गुणिले दहाचा उणे दहावा घात एवढा जास्त. त्या आकड्याचा साइन खरोखरच तेवढाच उणे येतो. तू जे दाबलंस त्याचंच उत्तर त्याने दिलं.

आता सड्यावरचा, तुमची चूक पहिल्या दिवशी दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, दुसऱ्या दिवशी ४० सेकंद. १२० म्हणजे चाळीस त्रिक. हा चाळीसचा आकडा ओळखीचा वाटतोय. तुमच्या प्रोग्राममध्ये कोन आत कसा घेता आणि त्याचे अंश-मिनिटं-सेकंद कसे सुटे करता, तेवढ्या ओळी सांगाल का?

सड्यावरचा
११ मे, रात्री १०:०५

ताई, सांगतो. कोन एकाच आकड्यात दाबतो, टिंबाच्या आधी अंश, नंतर दोन घरं मिनिटं, दोन घरं सेकंद. ७२ अंश ३० मिनिटं म्हणजे ७२.३०. १४१ अंश १८ मिनिटं ४० सेकंद म्हणजे १४१.१८४०. यंत्रात अंश-मिनिटांची वेगळी की आहे, पण तिला प्रत्येक भागानंतर एकदा दाबावं लागतं, आणि एका हातात वही, बगलेत छत्री असताना ते जमत नाही. आमच्या धंद्यातले बरेच जण असंच एका आकड्यात टाकतात.

मग प्रोग्राम पूर्णांक काढतो, ते अंश. उरलेल्याला १०० ने गुणून पूर्णांक काढतो, ती मिनिटं. त्यातून उरलेल्याला परत १०० ने गुणलं की सेकंद. एवढंच.

अष्टागर
११ मे, रात्री १०:३०

मिळालं बहुतेक. एक करून बघा, प्रोग्राम नको, साधं हाताने. ७२.३ वजा ७२ करा, आलेल्या उत्तरातून ०.३ वजा करा. काय येतं?

नंतर ७२.३ वजा ७२, गुणिले १००, आणि त्याचा पूर्णांक.

सड्यावरचा
११ मे, रात्री १०:५२

ताई.

७२.३ वजा ७२ चं उत्तर ०.३ दाखवतो. त्यातून ०.३ वजा केले तर शून्य नाही, −२.८३१०६८७१३ आणि पुढे दहाचा उणे १५ वा घात.

१०० ने गुणलं, पडद्यावर ३०. टिंब नाही, काही नाही, स्वच्छ ३०. त्याच्यावर पूर्णांकाची की दाबली.

२९.

मी पाच वेळा केलं. बायकोला बोलावून दाखवलं. पडद्यावर ३० आहे आणि त्याच ३० चा पूर्णांक विचारला तर २९ सांगतो!

मालवणचो झील
११ मे, रात्री ११:१०

मी पण आत्ता करून बघितलंय. माझ्याकडे ३० च येता. म्हणजे माझो येगळो आसा, माझी फक्त की खराब.

अष्टागर
१२ मे, सकाळी ८:४५

आता नीट सांगते, कारण हे ज्याच्या-त्याच्याकडे होऊ शकतं.

हातातले बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटर आतला हिशोब दहाच्याच पद्धतीत करतात, आपण कागदावर करतो तसा, आकडा न आकडा वेगळा साठवून. तुमचा जुना तसा होता. नव्याच्या आत मात्र कॉम्प्युटरसारखी दोनाची पद्धत आहे, या उणे २.८३ वरून ते कळतं. दहाच्या पद्धतीत एक तृतीयांश कितीही लिहिलं तरी संपत नाही, ०.३३३३ चालूच राहतं. दोनाच्या पद्धतीत तीच गत ०.१, ०.२, ०.३ यांची. ०.५, ०.२५, ०.७५ असे काही मोजकेच नेमके बसतात. बाकी सगळे किंचित कमी नाहीतर किंचित जास्त.

कॉम्प्युटरच्या या आकड्यात ५३ बिटांची जागा असते. ७२ ला त्यातली ७ जातात, अपूर्णांकाला ४६ उरतात. २१० ला ८ जातात, ४५ उरतात. म्हणून तेच ०.३० हे ७२ च्या मागे लागलं की किंचित कमी पडतं, आणि २१० च्या मागे लागलं तर किंचित जास्त. कमी पडलं की मिनिटं निघतात २९.९९९९९९९९९९९७, पूर्णांक २९, आणि उरलेलं ०.९९९९ परत १०० ने गुणलं की सेकंद होतात ९९.९९९९. म्हणजे ७२ अंश २९ मिनिटं १०० सेकंद. शंभर सेकंद म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. म्हणून ७२°३०′४०″. दर वेळी बरोबर चाळीस सेकंदच जास्त.

तुमच्या सातातले पाच कोन ०० सेकंदाचे आहेत. मी कॉम्प्युटरवर पाचही करून बघितले. ७२.३०, २१०.१० आणि ४५.१५ कमी पडतात, ११८.२० आणि १४६.३४ जास्तीच्या बाजूला जातात म्हणून वाचतात. तीन गुणिले चाळीस, एकशे वीस. तुमची दोन मिनिटं.

निवृत्त आखणीवाला
१२ मे, सकाळी ९:३०

ताई, फार छान उलगडून सांगितलंत. दोनदा वाचलं.

मला भीती वाटते ती दोन मिनिटांची नाही. दोन मिनिटं आली म्हणून हा माणूस थांबला. भीती दुसऱ्या दिवशीच्या चाळीस सेकंदांची आहे. ती त्रेपन्नात बसतात. दुसरा कोणी असता तर सात कोनांत वाटून टाकली असती आणि नकाशा काढून मोकळा झाला असता. जी चूक रानात झालेलीच नाही ती दुरुस्त म्हणून चांगल्या कोनांत घुसली असती.

मी कोकण रेल्वेच्या कामावर होतो, रत्नागिरीच्या बाजूला. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. दोन्ही तोंडांकडून आत जायचं आणि मध्ये भेटायचं. सव्वातीन किलोमीटरला चाळीस सेकंद म्हणजे ६३ सेंटिमीटर, हे गणित आम्हाला झोपेत विचारलं तरी यायचं. १९९८ च्या २६ जानेवारीला सगळा मार्ग सुरू झाला. तिथल्या एकेका आकड्यामागे दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या वह्यांत वेगवेगळे केलेले हिशोब होते आणि दोन्ही जुळल्याशिवाय सुरुंग भरायचा नाही.

डिप्लोमा तिसरं वर्ष
१२ मे, दुपारी २:००

पण मग ही कॅल्क्युलेटरची चूक म्हणायची की प्रोग्रामची? म्हणजे सरांनी गुणल्यावर आधी राउंड केलं असतं तर झालं असतं ना. आम्हाला कोडिंगमध्ये पहिल्याच महिन्यात सांगतात की दशांशवाल्या आकड्यावर सरळ पूर्णांक लावू नका.

सड्यावरचा
१२ मे, रात्री ८:१५

बाळा, तुझं म्हणणं पटतं आणि प्रोग्राममध्ये मी ते आजच घातलं, खाली सांगतो. पण चूक फक्त माझी हे मी मान्य करणार नाही.

मी कोडिंग शिकलेला माणूस नाही. मी कॅल्क्युलेटर घेतला. कॅल्क्युलेटर म्हणजे काय, तर जो आकडा दिसतो तोच त्याच्या पोटात आहे एवढा भरवसा. शेवटची दोन-चार घरं लपवतो हे मला माहीत आहे, पण तिसाचे एकोणतीस होतील एवढं लपवायचं नाही. त्याने पडद्यावर २९.९९९९९९९९ दाखवलं असतं तर मी त्याच दिवशी, पहिल्याच कोनाला सावध झालो असतो. किंवा दाखवायचं ३० तर पूर्णांकालाही तीसच धरायचं. एक तोंडावर आणि एक पोटात हे मोजमापाच्या वस्तूने करायचं नसतं. आमच्या टेपचा पहिला इंच तुटला तर आम्ही टेप फेकत नाही, दहापासून मोजतो, कारण तुटलेलं दिसतं.

सोबत आलेलं पुस्तक काल रात्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. आतला हिशोब कुठल्या पद्धतीने होतो याची एक ओळ नाही. पंधरा आकडी अचूकता असं मात्र मोठ्या अक्षरात आहे. ग्राहक सेवेला लिहिलं, सगळे आकडे देऊन, तर उत्तर आलं की यंत्र ठरवून दिल्याप्रमाणे चालतंय, मोड रिसेट करून बघा. केलं. २९.

बंद पडलेलं यंत्र परवडतं. बंद पडलं की माणूस वही काढतो.

अष्टागर
१२ मे, रात्री ९:४०

मी तुमच्या बाजूने आहे. दोनाची पद्धत वापरणं हा दोष नाही, जगातले जवळजवळ सगळे कॉम्प्युटर तीच वापरतात आणि त्याचं नीट प्रमाण १९८५ पासून ठरलेलं आहे. त्यामागचे मुख्य गणिती विल्यम कहान, ज्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा मानाचा १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यांनी एचपी (ह्यूलेट-पॅकार्ड) कंपनीच्या कॅल्क्युलेटरांवरही काम केलंय, त्यामुळे दोन्ही बाजू जाणणारी माणसं या क्षेत्रात पहिल्यापासून होती. दोष हा की वापरणाऱ्याला सांगितलं नाही.

एचपी-३५ चं उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. १९७२ साली आला, खिशात मावणारा पहिला सायंटिफिक, किंमत ३९५ डॉलर. त्यात एक बग निघाला, २.०२ चा नॅचरल लॉग काढून त्याचा परत ई-घात घेतला की २.०२ यायच्या ऐवजी नुसतं २ यायचं. तोपर्यंत सुमारे पंचवीस हजार विकले गेले होते. कंपनीने गिऱ्हाइकांना कळवलं आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. चूक त्यांच्याकडूनही झाली, पण लपवली नाही.

आणि ०.१ नेमका बसत नाही ही काही पुस्तकातली गंमत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियात धाहरानला पेट्रियट या बचावाच्या क्षेपणास्त्राचं घड्याळ दर दशांश सेकंदाला असंच कणभर कमी मोजत होतं. १०० तास सलग चालू राहिल्यावर ते ०.३४ सेकंदाने मागे पडलं, येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले.

सोल्डरिंग
१२ मे, रात्री १०:२०

ताईंचा शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झालो.

सड्यावरचा, तुमचा जुना फेकला नाहीत ना? पडदा काळा झाला म्हणजे बोर्ड मेला असं नाही. बऱ्याचदा पडदा आणि बोर्ड यांच्यामधली रबरी पट्टी असते, तिथे ओल बसलेली असते. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर माझ्याकडे चिखलात बुडालेली यंत्रं आली होती, त्यातली बरीच नुसती धुऊन वाळवून चालू झाली. कुरियरने पाठवू नका, कोणी इकडे येणारं असेल तर हातात द्या.

सड्यावरचा
१३ मे, रात्री ९:००

भाऊ, जुना कपाटात आहे, फेकायचं मन झालं नाही. परवा भाचा चिपळूणला येतोय, त्याच्याजवळ देतो.

प्रोग्रामचं सांगतो, कोणाला लागलं तर. १०० ने गुणल्यावर पूर्णांक काढायच्या आधी ०.००००१ मिळवायचे. म्हणजे २९.९९९९९९९९९९९७ चे ३०.००००१ होतात आणि पूर्णांक ३० निघतो. मिळवलेलं फक्त पूर्णांक काढण्यापुरतंच, पुढे सेकंद काढताना मूळ आकडाच घ्यायचा, मिळवलेला नाही. अंश काढताना ही गरज नाही. आणि उलट दिशेला, म्हणजे दशांश अंशाचे परत मिनिट-सेकंद करताना, आधी सेकंदाच्या दोन घरांपर्यंत राउंड करायचं आणि मग सुटे करायचे, नाहीतर २९ मिनिटं ६० सेकंद असलं काहीतरी दिसतं.

पहिल्या दिवशीचे सात कोन परत घातले. ९०० अंश ० मिनिटं ० सेकंद. जुन्या चुकीच्या हिशोबाने शेवटचा कोपरा जवळजवळ वीतभर सरकला होता, धाकट्या भावाच्या बाजूला. तिथे एक जुनं कलम आहे, खोड दोघांच्या मिठीत मावणार नाही असं, ते वीतभरात इकडचं तिकडे झालं असतं. उद्या सकाळी खुंट्या मारतोय. दोघांनाही समोर बसवून वहीतली बेरीज दाखवणार आहे.

पण काकांनी लिहिलेलं डोक्यातून जात नाही. चौदा महिन्यांत या यंत्रावर अकरा कामं केलीत. फील्डबुकं सगळी आहेत. आज दुपारपासून हाताने बेरजा मारत बसलोय.

निवृत्त आखणीवाला
१३ मे, रात्री ९:२५

अर्धी मला पाठवा. फोटो काढून. माझे डोळे अजून चांगले आहेत आणि सकाळी मला काम नसतं.

सड्यावरचा
१५ मे, रात्री ८:४०

काकांनी सहा केली, मी पाच. काकांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

अकरापैकी सहा कामांत काहीच नाही, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) भाड्याने आणलं होतं, त्यात एक सेकंदापर्यंत कोन येतात त्यामुळे ०० सेकंद क्वचितच. चार कामांत एकेक कोन चाळीस सेकंदांनी चुकलेला, तोच वाटून टाकलेला. हिशोब परत केला, कोपरे दोन ते चार सेंटिमीटरने हलतात, जांभ्याच्या गडग्याची जाडीच त्याच्या दहापट असते. तरी चारही मालकांना फोन करून सांगितलं आणि नवे नकाशे देतोय, पैसे न घेता.

एक काम मात्र घराच्या आखणीचं आहे, कुणकेश्वरच्या बाजूला. दोन कोन, एक मिनिट वीस सेकंद. पाया खोदून झालाय, चिरे आणलेत, अजून रचलेले नाहीत. मालकांना सांगितलं तेव्हा आधी चिडले, मग म्हणाले, बरं झालं आत्ता सांगितलंत. सोमवारी जाऊन परत दोरी लावतोय.

शून्याची की पुसल्यावर नीट लागते आहे, सोल्डरिंगभाऊंना धन्यवाद.

डिप्लोमा तिसरं वर्ष
१५ मे, रात्री ९:१५

सर, मित्राने तुमच्यासारखाच प्रोग्रामेबल घेतलाय, नवीन. आम्ही त्यात ४५.४५ घालून बघितलं, मिनिटं बरोबर ४५ आली. म्हणजे त्याचा चांगला आहे ना? तो विचारतोय, कारण परत करायची मुदत परवा संपते.

सड्यावरचा
१५ मे, रात्री ९:२२

नाही रे, ४५.४५ सुटतो. ४५.१५ घाल.

डिप्लोमा तिसरं वर्ष
१५ मे, रात्री ९:२६

१४ आली.